खणखणीत की बद्द

पहाटे ४.४५

थर्मासमध्ये चहा ओतत होते, तेवढ्यात भाचा डोळे चोळत स्वयंपाकघरात आला. "मावशी, दगड काय पळून जाणारेत? एवढ्या पहाटे कशाला?" दगड पळत नाहीत, तिरपं ऊन पळतं. सकाळी सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा मातीत पुरलेल्या काचेची नखाएवढी कड वर आलेली असली, तरी लांबून लकाकते. सूर्य डोक्यावर आला की सगळं रान एकसारखं. बाकीचं गाडीत सांगते म्हटलं आणि त्याच्या हातावर पोळीचा लाडू ठेवला.

गाडीत काल रात्रीच सामान भरलंय. दोन हातोड्या, नदीतले गोल गोटे तीन, चामडी हातमोजे, डोळ्यांवरचे गॉगल दोन, पाण्याचे कॅन, फवाऱ्याची बाटली, खडू, जुन्या वर्तमानपत्रांची चळत, एक फाटकी सोलापुरी चादर, चिकटपट्ट्या, चिमटा. आणि एक सोडून दोन जादा चाकं. जादा चाकांवर भाचा हसला. हसू दे.

५.३०

आम्ही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बेंड गावी राहतो. इथून महामार्ग २० धरून पूर्वेला बर्न्सच्या दिशेनं साधारण सव्वाशे किलोमीटर गेलं की ग्लास ब्यूट्स. ब्यूट म्हणजे सपाटीवर एकटीच उठलेली टेकडी. या टेकड्या पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर ऑब्सिडियन पसरलेलं. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच. लाव्ह्यात सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर गेली की तो इतका चिकट होतो की थंड होताना अणूंना रांगेत बसायला सवडच मिळत नाही. स्फटिक न होताच सगळं गोठतं. स्फटिक नाहीत म्हणून दगडाला रेषा नाहीत, थर नाहीत, लाकडासारखे तंतू नाहीत. जिथं मारू तिथून धक्का शंकूसारखा पसरतो आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वळणदार छिलका सुटतो. त्याची कड पोलादी पात्यापेक्षा बारीक. डॉन क्रॅबट्री हा आयडाहोतला नामांकित हत्यार-घडव्या स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी ऑब्सिडियनची पाती घडवून घेऊन गेला होता आणि शल्यविशारदानं ती वापरली होती.

मी पुण्यात डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकले. नवऱ्याच्या नोकरीमागं इथं आले, विषयातली नोकरी मिळाली नाही, हात मात्र दगडाला लागला तो सुटला नाही. येत्या शनिवारी आमच्या गॅरेजात आठ जण दगडी हत्यारं घडवायला शिकायला येणार आहेत. फी वगैरे काही नाही. येताना प्रत्येकानं खायला काहीतरी आणायचं. त्यांच्यासाठी आठ दगड हवेत आणि दोन वरचे, कारण पहिल्या तासाभरात दोघं तरी आपला दगड मधोमध मोडतात. म्हणजे दहा. तळहाताच्या दीडपट, चपटे, दोन बोटं जाड, आतून निर्मळ. आजचं काम एवढंच.

६.५०

महामार्ग सोडून कच्च्या रस्त्याला लागलो आणि गाडी बैलगाडीच्या चालीवर आणली. भाच्याला आता जादा चाकांचा उलगडा झाला: रस्त्याची खडीच काचेची. गेल्या वर्षी एकाच दिवसात दोन टायर फाटले होते. सप्टेंबरअखेरची थंडी, सेजच्या झुडपांना कडवट वास, मधूनमधून रॅबिटब्रश पिवळाधमक फुललेला. तो शेवंतीच्याच कुळातला, त्यामुळं दसऱ्याच्या बाजाराची आठवण हटकून येते. सूर्य वर आला आणि अख्खा उतार लुकलुकायला लागला. भाचा म्हणाला, "कोणीतरी बाटल्यांचा ट्रक उलटा केलाय." अगदी तसंच.

उतरण्याआधी नकाशा पाहिला. जमीन बहुतांश सरकारी, भूव्यवस्थापन खात्याची. स्वतःच्या हौसेपुरते दगड वेचायला मोकळीक, विकायला न्यायचे तर परवाना. मध्येमध्ये खाजगी खाणहक्काचे तुकडे आहेत, तिथं पाय ठेवायचा नाही.

७.१५

पहिल्या दहा मिनिटांत भाच्यानं पिशवी भरली. मी ती चादरीवर उलटी केली आणि एकेक दगड बाजूला टाकत गेले. त्याचा चेहरा पडला. नवख्याचं असंच होतं. इथं दगड सापडणं ही अडचणच नाही, सोडून देणं ही आहे.

आधी साल बघायची. ऑब्सिडियनचा गोळा बाहेरून काळा चकचकीत नसतो. राखाडी, खरबरीत, जुन्या तव्याच्या पाठीसारखा असतो. साल जाड आहे की पातळ याचं मला काही नाही, पण ती काय सांगते ते ऐकावं लागतं. ओढ्यातून गडगडत आलेल्या गोट्यांवर नखानं उमटवल्यासारख्या बारीक चंद्रकोरी असतात. प्रत्येक चंद्रकोर म्हणजे एक ठोकर, आणि प्रत्येक ठोकरीखाली आत उतरलेली शंकूच्या आकाराची चीर. असा गोटा फोडलात तर तो तुमच्या मर्जीनं न फुटता जुन्या ठोकरींच्या मर्जीनं फुटतो. वणव्यात सापडलेल्या दगडावर जुन्या चिनी मातीच्या बशीवर असते तशी जाळी दिसते. ती दिसली की हातसुद्धा लावायचा नाही. बर्फाचं निराळं: पाणी भेगेत शिरतं, गोठतं, भेग वाढवतं. वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेले मोठे धोंडे म्हणूनच दिसायला राजबिंडे आणि आतून खिळखिळे असतात.

मग आकार. गोल गुळगुळीत गोळा हा सगळ्यात फसवा. वजन भरपूर, पण हातोडी मारायला कोपराच नाही. काटकोनापेक्षा कमी कोनाची एक तरी कड हवी, तिथूनच छिलका निघतो. चपटी, पाटासारखी लादी मिळाली तर अर्धं काम ज्वालामुखीनं करून ठेवलेलं असतं. चार किलोच्या गोळ्यातून माझ्या हाताला एखादंच बरं पातं निघतं, दीड किलोच्या लादीतूनही एकच. मग अडीच किलो उगाच का वाहायचे?

८.००

आता आवाज. माझी आजी कसब्यातल्या कुंभारवाड्यात माठ घ्यायला जायची तेव्हा मला बरोबर न्यायची. बोटाच्या पेरानं माठ वाजवायची. खणखणीत वाजला तर पुढची बोलणी. बद्द वाजला तर कुंभार कितीही शपथा घेवो, ती उठायचीच. मी या माळावर तेच करते. दगड मुठीत धरायचा नाही, मुठीचं मांस आवाज गिळतं. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर तोलायचा आणि गोट्यानं हलकी टिचकी द्यायची. चपटी लादी निर्दोष असेल तर काशाच्या वाटीसारखी वाजते. आत चीर असेल तर आवाज तिथंच बसतो.

भाच्यानं लगेच पंचवीस दगड वाजवले आणि तक्रार केली, की छोटे सगळेच बद्द वाजतायत. बरोबर आहे. लहान किंवा गोल तुकडा धड वाजतच नाही. आवाज ही साक्ष आहे, निकाल नाही. लादी बद्द वाजली तर संशय घ्यायचा. वाजली म्हणून डोळे झाकून पिशवीत टाकायची नाही.

म्हणून पाणी. फवारा मारून दगड उन्हात ठेवला. वारा इथं कायम असतो, दोन-तीन मिनिटांत पृष्ठभाग सुकतो. पण चिरेत शिरलेलं पाणी मागं राहतं आणि सुकलेल्या राखाडी सालीवर केसाएवढी काळी रेघ उमटते. ती दगडाला वळसा घालून पलीकडं निघाली तर दगड गेला. टोकापाशी संपली तर टोक गेलं, दगड राहिला. रेघ दिसली की मी खडूनं तिच्यावर खूण करते, कारण पूर्ण सुकल्यावर ती नाहीशी होते आणि आपण पुन्हा त्याच दगडाच्या प्रेमात पडतो.

९.१०

यातून उरले त्यांना खिडकी पाडायची. एका कोपऱ्यावर गोट्याचा नेमका ठोसा, रुपयाएवढा छिलका उडाला की आतलं दिसतं. तेवढंच. पुष्कळ लोक बघण्यासाठी दगडाचे सरळ दोन तुकडे करतात, न आवडलेले तिथंच फेकतात आणि पुढं जातात. त्यांच्या मागं अख्खी टेकडी कसायाच्या दुकानासारखी दिसते. मी खिडकी पाडलेले, न घेतलेले दगड खिडकी वर करून ठेवते. पुढच्याला न फोडता पाहता येतं.

खिडकीत बघायचं काय? पहिल्यांदा बुडबुडे आणि बारीक खडे. मग पांढरे ठिपके. काचेत मागाहून स्फटिकांचे गोळे वाढतात, त्यांनी दगडावर बर्फ भुरभुरल्यासारखं दिसतं. मण्यांना छान. माझ्या कामाला नाही, छिलका ठिपक्याशी अडखळतो. मग पट्टे. काळ्यात तपकिरी, राखाडी पट्टे असणं हा दोष नाही. पट्टा आणि काच यांची चकाकी सारखी असेल तर धक्क्याला तो पट्टा जाणवतही नाही. पण पट्टा राखेसारखा मंद, खरखरीत असेल तर छिलका त्यात शिरून तुटतो आणि पायरी पडते. नवशिक्या पुढचा ठोसा त्याच पायरीवर मारतो, मग तिसरा, आणि हत्याराच्या पोटावर एक गाठ तयार होते जी काही केल्या निघत नाही.

शेवटी खिडकीतून निघालेला छिलका सूर्याकडं धरायचा. पातळ कडेतून ऑब्सिडियन काळं नसतंच. कोऱ्या चहासारखं दिसतं. त्या चहात गाळ दिसतो का, एवढाच प्रश्न.

साडेनऊपर्यंत तीन पास.

१०.२०

भाचा ओरडला, "मावशी, हा तर आयता घडवलेला!" हातात पानाच्या आकाराचा तुकडा, दोन्ही बाजूंनी छिलके काढलेले, टोक तुटलेलं. कडा वाऱ्या-वाळूनं मंदावलेल्या, ताज्या काचेचा तोरा अंगावर नाही. कोणीतरी इथंच बसून घडवत होतं, तुटलं म्हणून टाकून गेलं. "जिथून उचललास तिथं, त्याच बाजूनं ठेव." १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्यानं सरकारी जमिनीवरची शंभर वर्षांहून जुनी मानवी वस्तू उचलणं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. ताज्या फुटलेल्या काचेच्या पृष्ठभागातून पाणी फार हळूहळू आत मुरतं. हा थर मायक्रॉनमध्ये मोजून हत्यार कधी घडवलं याचा अंदाज बांधता येतो. ही पद्धत १९६० साली मांडली गेली. खिशात गेलेला तुकडा घराची शोभा होतो. जागेवरचा तुकडा बोलतो.

तो भाग आम्ही सोडला आणि उतारावर दुसरीकडं गेलो. नाहीतर आमच्या खिडक्यांचे छिलके त्या जुन्या घडवणाऱ्याच्या छिलक्यांत मिसळले असते.

११.१५

आणि मग त्याला तो सापडला. पाच किलोंचा, विटकरी लाल, त्यात काळे फराटे, एका अंगाला फुटून रसरशीत दिसणारा. लाल रंग लोखंडाच्या गंजाचा. इथं या जातीला महोगनी म्हणतात. भाचा तो दोन्ही हातांत बाळासारखा धरून आला. "ह्याचे किती येतील?"

काहीच येणार नाहीत, कारण आपण विकणार नाही. पण प्रश्न खरा आहे, आणि उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. पैलू पाडणारा रंगाला भाव देतो. याच टेकड्यांत सोनेरी झाक असलेलं ऑब्सिडियन मिळतं. झाक येते वायूच्या अतिसूक्ष्म, एका दिशेनं ताणलेल्या बुडबुड्यांमुळं. अग्नी म्हणतात ते ऑब्सिडियनही इथलंच. त्यात मॅग्नेटाइटच्या कणांचे एक मायक्रॉनहून पातळ थर असतात आणि पावसाळ्यात डबक्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग फुटतात. हे रंग दिसायला हत्यार नेमकं थराला समांतर, नेमक्या खोलीवर उतरवावं लागतं. एक छिलका जास्त निघाला की रंग संपला. शनिवारच्या आठ जणांच्या हातात असा दगड देणं म्हणजे पहिल्याच दिवशी स्वयंपाक शिकणाऱ्याला पुरणपोळीला बसवणं. त्यांना हवा साधा काळा, एकजीव, मुका दगड. दुकानात तो सगळ्यात स्वस्त असेल. माझ्या लेखी आजच्या दिवसापुरता तोच सगळ्यात महाग.

लाल्याला बोटांवर तोलता येईना, म्हणून चादरीच्या घडीवर ठेवून वाजवला. बद्द. पाणी मारलं, रेघ कमरेभोवती निम्म्याहून जास्त फिरली. "ठेव," म्हटलं. तो ठेवेना. शेवटी 'तुझा तू वाहा' या अटीवर लाल्या गाडीत गेला.

१२.३०

थालीपीठ, लोणी, लसणाची चटणी. बोनेटवर बसून जेवलो. भाच्यानं विचारलं, आपल्याकडं का नाही हे? आपला दख्खनचा बेसाल्ट पातळ लाव्ह्याचा, सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास. तो वाहिला भरपूर, पण त्याची अशी जाड काच होत नाही. शिवाय तो साडेसहा कोटी वर्षांचा. काच एवढी टिकतही नाही, हळूहळू तिचे स्फटिक होतात. आपल्या लोकांनी बेसाल्टच्या पोकळ्यांत भरलेला कॅल्सेडनी वापरला. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, तिथली बारीक लांब पाती त्याचीच. तो दगड चिवट, मन लावून घडवावा लागतो. ऑब्सिडियन त्यापुढं लोण्यासारखं. मात्र ऑब्सिडियनला चूक माफ नाही.

इथून जवळच वॅगनटायर नावाचा डोंगर आहे. तिथल्या ऑब्सिडियनचे दोन छोटे छिलके पार ह्यूरॉन सरोवराच्या तळाशी, सुमारे तीस मीटर पाण्याखाली मिळाले. ते साधारण नऊ हजार वर्षांपूर्वीचे, जेव्हा तो तळ कोरडी जमीन होता. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. कळलं कसं? काचेत रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम अशी मूलद्रव्यं लेशमात्र असतात आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक ज्वालामुखीचं वेगळं. या आमच्या टेकड्यांत तर एकाच परिसरात अशी अनेक रासायनिक कुळं आहेत. "कोणी एवढे दोन छिलके चार हजार किलोमीटर वाहून नेईल?" भाच्याचा प्रश्न. मी म्हटलं, तू पाच किलोंचा भेगाळलेला धोंडा सव्वाशे किलोमीटर नेतोयसच की.

१.३०

दुपारी खणलं. वरचे दगड बर्फानं, उन्हानं झिजलेले. हातभर खाली गेलं की ओलसर मातीत ताजे मिळतात. दोन तासांत सहा लाद्या, त्यातल्या चार पास. खड्डा परत बुजवला. गुरं चरतात इथं, हरणंही फिरतात. उघड्या खड्ड्यात पाय मोडतो. मघाच्या तीन, या चार, आणि बुजवताना मातीतून वर आलेल्या तीन छोट्या. झाले दहा.

कधीतरी माझ्या अंगठ्याला कापलं होतं. काच कापते ते कळत नाही, मोज्यातून ओल लागली तेव्हा पाहिलं. चिकटपट्टी.

४.००

निघण्याआधी सगळे दगड चादरीवर मांडले आणि पुन्हा एकदा वाजवले, पाण्यानं भिजवले. प्रत्येक दगड चार थर वर्तमानपत्रात. काच काचेवर आपटली की प्रवासातच चंद्रकोरी उमटतात आणि दिवसभराची पारख वाया जाते. लाल्याला भाच्यानं स्वतःचा स्वेटर गुंडाळला.

७.००

घरी. नायलॉनच्या ब्रशनं दगड धुतले. नमुना म्हणून एक घडवून पाहायचा माझा रिवाज आहे. गॅरेजचं दार उघडं, गॉगल, मास्क. ही धूळ फुप्फुसाला वाईट, बंद खोलीत हे काम करू नये. मी सगळ्यात आवडती लादी घेतली, सकाळी काशाच्या वाटीसारखी वाजलेली. सहाव्या छिलक्याला पायरी. सातव्याला पायरी. आत राखेचा पट्टा होता, माझ्या खिडकीपासून दोन बोटं दूर. खिडकी चुकीच्या कोपऱ्याला पाडली होती, बाकी काही नाही. दहाचे नऊ झाले.

भाचा काही बोलला नाही. लाल्या आणून समोर ठेवला.

आता गमावण्यासारखं काही नव्हतं. खडूची रेघ वर करून तिच्या तोंडाशी गोटा मारला. दोन भाग झाले, हिशोबात होतं तसेच. एका भागात बुडबुड्यांचा पुंजका, तो बाद. दुसरा दोन-अडीच किलोंचा, एक बाजू सपाट, काटकोनाच्या आतली सुरेख कड. भाच्यानं तो बोटांच्या टोकांवर तोलला आणि टिचकी दिली.

खणखणीत.

सकाळी मी अख्ख्या दगडाला बद्द म्हटलं होतं. बद्द होती ती भेग, दगडाचा अर्धा भाग नव्हे. आजीला माठ फोडून बघायची सोय नव्हती. मला होती, आणि मी ती वापरली नाही.

९.१५

दहा दगड फळीवर. दहावा लाल आहे, तो कोणाला द्यायचा यावरून शनिवारी भांडण होणार.

गॅरेज झाडलं. बादलीभर छिलके. हे कुठंही फेकायचे नसतात. माझ्या आणि हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या छिलक्यांत पुढं कोणाला फरक कळणार नाही. म्हणून आमच्यात पद्धत आहे, खड्ड्यात छिलके ओतायचे आणि तळाशी चालू सालाचं एक नाणं टाकायचं. घरात सुटं नाणं सापडेना. भाच्यानं पाकीट उघडून एक रुपया काढला. चालेल, नाणं कुठलंही असो, त्यावरचं साल वाचता आलं पाहिजे.